आईच्या शाळेतून अमेरिकेस

पंडिता रमाबाईंचा ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ साली प्रसिद्ध झाला. आमच्या ख्रिस्ती घरांतून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हटकून आढळतात. रमाबाईंचे एखादे छोटे चरित्रही मुलांच्या बक्षिसांतून आलेले असते. हा ग्रंथ मात्र बहुधा नावानेच ठाऊक असतो. २००३ या एकाच वर्षी त्याची दोन स्वतंत्र इंग्रजी भाषांतरे निघाली. त्यांतील एक मीरा कोसंबी यांचे. त्यांची वार्ता कानी आल्यावर आम्ही मूळ मराठी पुस्तक हाती घेतले, हे येथे थोड्या संकोचानेच नमूद करतो.

या ग्रंथाकडे अमेरिकेची माहिती देणारे पुस्तक म्हणून पाहिले जाते, किंवा स्त्रियांच्या हक्कांचा पुरस्कार म्हणून. दोन्ही खरेच आहे. परंतु ज्या लेखिकेने तो लिहिला ती बालपणी एकही दिवस शाळेत गेलेली नव्हती, ही गोष्ट बाजूस ठेवून तो वाचला तर त्यातील निम्मे मर्म हातचे निसटते, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनरीत मोडून पत्नीस संस्कृत शिकविले होते. रमा शिकावयाच्या वयाची झाली तेव्हा ते वृद्ध झाले होते. म्हणून आई लक्ष्मीबाईंनीच तिला शिकविले. पहाटे अंधारात मुलीस उठवावे, आईने म्हणावे आणि मुलीने तेच पुन्हा म्हणावे, असा तो वर्ग. अशा रीतीने भागवत मुखोद्गत झाले. कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. त्यामुळे शाळेला भिंती नव्हत्या आणि मुक्कामही नव्हता.

या घरच्या शिक्षणाचे आम्ही भाबडे कौतुक करणार नाही, कारण स्वतः रमाबाईंनीच ते केलेले नाही. १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात की आईबापांनी मुलांना बाहेरच्या जगाचा वारा लागू दिला नाही. त्याची किंमत दुष्काळात मोजावी लागली. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीण गेली. शास्त्रे पाठ होती; परंतु पोट भरण्याची एकही विद्या अंगी नव्हती. भीक मागण्याची लाज आणि मोलमजुरी करण्याचा कमीपणा, दोन्ही त्याच घराने शिकविले होते! उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास व रमा, अनवाणी चालत निघाली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हे सर्वश्रुत आहे. आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती वाटेवरची कमाई. कानडी, हिंदुस्थानी, बंगाली या भाषा त्या प्रवासातच शिकल्या. आणि ज्या धर्माचरणाने कुटुंब उपाशी मेले त्याविषयीची पहिली शंकाही त्याच वाटेवर उपजली.

कलकत्त्यास ही भावंडे प्रथमच ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्यास गेली. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकू लागली, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असा त्यांनी समज करून घेतला. हा प्रसंग वाचून आम्ही मनमुराद हसलो. पण पुढल्या रविवारी मिस्सेच्या वेळी वेदीवरून मंडळीकडे पाहताना तो आठवला आणि हसू आले नाही. नवख्या डोळ्यांना आपण कसे दिसतो, हे आपण कधी विचारतो काय?

हाच नवखा डोळा अमेरिकेच्या ग्रंथाचे खरे भांडवल होय. १८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. थोड्या दिवसांचा मुक्काम दोन वर्षांहून अधिक लांबला. त्यांनी शाळा, बालोद्याने, धर्मादाय संस्था, स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक सभा पाहिल्या आणि हे लोक कामे कशी करतात याची बारकाईने नोंद केली. लोकसत्तेचे कौतुक करताना त्यांची लेखणी हात आखडत नाही. परंतु मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि काळ्या वर्णाच्या माणसांविषयीचा तिरस्कार त्या झाकत नाहीत. जातिभेद सोसलेल्या देशातून आलेल्या बाईला तो सातासमुद्रापलीकडेही ओळखू आला. स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरण हा ग्रंथाचा गाभा आहे. मोठ्या विद्यालयांची दारे तेथील बायकांनाही आपोआप उघडली नव्हती, हे त्या मराठी वाचकाला पटवून देतात.

दोषही सांगितले पाहिजेत. काही प्रकरणे सरकारी अहवालासारखी कोरडी झाली आहेत. आकड्यांच्या राशीत प्रवासी हरवून जातो. स्वतःविषयी रमाबाई फार कमी बोलतात. कन्या मनोरमा तेव्हा लहान होती. अमेरिकेतून तिला इंग्लंडास मठभगिनींकडे परत पाठवावे लागले. पण या ग्रंथात पंडिता दिसते, आई फारशी दिसत नाही. हा संयम असेल. वाचकाला मात्र तो पोरका करतो.

त्या मठभगिनींचा उल्लेख आला म्हणून एक अवघड गोष्ट. १८८३ साली वाँटेज येथील अँग्लिकन मठात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रवाद झाला. तो १९७७ साली ग्रंथरूपाने छापला गेला आहे. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले, आता दुसऱ्या धर्मगुरूंचे शब्द ईश्वराज्ञा म्हणून का मानू, असा त्यांचा सवाल होता. पवित्र त्रैक्याविषयीच्या त्यांच्या तेव्हाच्या शंका आम्हांस मान्य होण्यासारख्या नाहीत. पण हा सवाल आमच्यासारख्या झग्यातल्या माणसालाच आहे, हे कसे नाकारावे? आईवडील हे मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले; त्याच वर्षी सदसद्विवेकावर बळजोरी नको, असेही सांगितले. सेमिनरीत आम्ही दोन्ही दस्तऐवज अभ्यासले व परीक्षेत उत्तम गुण मिळविले.

तरीही वीसएक वर्षांपूर्वी आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामातील एक जोडपे मुलीला घेऊन आले. परिचारिकेचे शिक्षण झालेले, परदेशी नोकरीचे पत्र हाती. ‘‘फादर, तुम्ही सांगाल तसं,’’ बाप म्हणाला. आम्ही मुलीला काही विचारलेच नाही. वय लहान आहे, दोन वर्षे थांबा, असे सांगून मोकळे झालो. ती थांबली; नोकरी थांबली नाही. पत्रव्यवहारातील सिस्टर जेराल्डिन आम्हांस कठोर वाटत नाहीत, याचे कारण हेच. काळजी आणि धाक एकाच आवाजात बोलतात, आणि बोलणाऱ्याला ते कळत नाही.

रमाबाईंचे वडीलही काळजीपोटीच मुलांना जगापासून दूर ठेवीत होते. मुलीला शिकविण्याचे धाडस मात्र त्यांनी केले होते, आणि पुढे तेच तिच्या कामी आले. मायलेकींच्या त्या पहाटेच्या पाठांतराचा ठसा ग्रंथाच्या भाषेवर आहे. वाक्ये लांब असली तरी मोठ्याने वाचली असता कोठे अडत नाहीत. ती ऐकणाऱ्यासाठी घडविलेली आहेत. हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करणारी, १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्यातच गढलेली लेखिका येथे घडताना दिसते.

ज्यांना ग्रंथ मोठा वाटेल त्यांनी समुद्रप्रवासाचे पहिले प्रकरण वाचावे आणि थेट स्त्रियांच्या प्रकरणाकडे जावे; राज्यकारभाराची पाने मागाहून पाहिली तरी चालतील. आमची प्रत धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवली आहे. तिची पहिली वाचक बारावीतील एक मुलगी होती. नोंदवहीत तिने परत करण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली आहे.