‘शेतकऱ्याचा असूड’मधील गायरान, गाळ आणि पाणी : सार्वजनिक वस्तूंच्या संकल्पनेच्या संदर्भात एक पुनर्वाचन

पर्यावरणीय सार्वजनिक वस्तू आणि शेती यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास आपल्या महाविद्यालयांतून बहुधा पॉल सॅम्युएल्सन यांच्या १९५४ च्या निबंधापासून सुरू होतो. एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा वाटा घटत नाही आणि कोणासही उपभोगापासून वगळता येत नाही, ही दोन लक्षणे सांगितली जातात. दीपगृहाचे उदाहरण दिले जाते (समुद्र न पाहिलेले विद्यार्थीही ते चोख लिहितात). पुढे गॅरेट हार्डिन १९६८, एलिनॉर ऑस्ट्रॉम १९९० असा क्रम लागतो. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेला महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ या क्रमात कोठेच येत नाही. मराठी विभाग तो सामाजिक विद्रोहाचा ग्रंथ म्हणून शिकवितो. अर्थशास्त्र विभाग प्रस्तावनेत वंदन करून पुढे सरकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दोन्ही वाचने अपुरी आहेत.

‘असूड’मध्ये डोंगर आणि शेत यांच्या नात्याविषयी एक विवेचन आहे. पूर्वी डोंगरावरील झाडाझुडपांचा पालापाचोळा, मेलेले किडे, जनावरांचे कुजलेले अवशेष हे सारे वळवाच्या पावसाबरोबर वाहत येऊन खालच्या शेतात मुरत असे व तेच जमिनीचे खत होते, असे फुले मांडतात. आजच्या परिभाषेत याला पोषणद्रव्यांचे वहन म्हणता येईल. परंतु परिभाषेपेक्षा विचाराची दिशा महत्त्वाची आहे. प्रचलित अभ्यास शेती समाजाला कोणत्या पर्यावरणीय वस्तू पुरविते, किंवा कोणत्या नष्ट करते, असे विचारतो. इंग्लंडने २०२० च्या कृषी कायद्यानंतर शेतकऱ्याला सार्वजनिक वस्तूंच्या निर्मितीबद्दल सार्वजनिक पैसा देण्याचे जे धोरण आखले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. फुले उलट बाजूने पाहतात. सामायिक रान शेतीला काय देते आणि ते काढून घेतल्यावर शेतीचे काय होते, हा त्यांचा प्रश्न आहे. ज्याच्याजवळ जमीन अगदी थोडी, तो शेतकरी आसपासच्या रानातील फळे खाऊन, पाने-फुले विकून, गायरानावर एखाददुसरी गाय व दोनचार शेरडे पाळून गावी टिकून राहत असे. जंगल खात्याने रान बंद केल्यावर हा जोडआधार तुटला. म्हणजे तुकड्याएवढ्या शेताचे अर्थशास्त्र त्या शेताच्या बांधावर संपत नव्हते. पीकखर्चाच्या आजच्या हिशेबात हा पैलू क्वचितच दिसतो.

हार्डिन यांच्या कुरणाशी याची तुलना करून पाहावी. त्या कुरणावरील प्रत्येक गुराखी स्वार्थाने एकेक जनावर वाढवीत जातो आणि कुरण उजाड होते. त्या कुरणाला गाव नाही, पंच नाहीत, इतिहास नाही. फुल्यांच्या गायरानाला मात्र इतिहास आहे. १८७८ चा वनकायदा ताजा असताना ते लिहीत होते, आणि त्यांच्या लेखी गायरानाची शोकांतिका गुराख्याच्या लोभाने नव्हे, सरकारी हद्दीच्या दगडाने घडली. ऑस्ट्रॉम यांनी शतकानंतर सामायिक संसाधने स्थानिक नियमांनी टिकू शकतात हे दाखविले. तसा नियम ‘असूड’च्या उपायांत आढळतो. गायराने गावांना परत द्यावीत, सरपण व शेतासाठी राब नेऊ द्यावा, पण विकण्याकरिता इमारती लाकूड तोडण्यास सक्त मनाई असावी. गरज आणि विक्री यांमधील ही सीमारेषा फुल्यांनी भावनेच्या भरात नव्हे, हिशेबाने आखली आहे.

नदी-तलावांतील गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, ही त्यांची आणखी एक सूचना. महाराष्ट्रात २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, तेव्हा तिचे हे पूर्वसूत्र आठवावयास हवे होते.

पाण्याच्या बाबतीत मात्र फुल्यांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. पाणाड्यांकडून शेते तपासून, जेथे दोन मोटांहून अधिक पाणी लागण्याचा अंदाज असेल त्या जागा गावच्या नकाशावर नोंदवाव्यात आणि विहिरी खोदणाऱ्यांस बक्षिसे द्यावीत, असे ते सुचवितात. नकाशावर नोंद होताच झरा गावाच्या माहितीचा विषय होतो, हे खरेच दूरदृष्टीचे आहे. परंतु विहीर उरते ती खासगीच. मोटेच्या काळात बैलांच्या दमानेच उपशाला मर्यादा पडत होती. विजेच्या पंपाला तशी मर्यादा नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने, जो मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला, जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाकडेच ठेवला. तेव्हा विहिरीच्या बक्षिसाची कल्पना आज उचलणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी बक्षीस देण्यासारखेच आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. एखाद्यास वगळता न येणे हा वस्तूचा अंगभूत गुण आहे, असे पाठ्यपुस्तक मानते. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्ये ठरावाने सर्वांना खुले केले होते, तरी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तेथे सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यावयास १९३७ साल उजाडले. पाणी तेच, तळे सार्वजनिक. वगळणूक जातीची होती. ज्या फुल्यांनी १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्यांना हे अज्ञात असणे शक्य नाही. तरीही गायरानाच्या प्रश्नात ते ‘गाव’ हा एकसंध हक्कदार धरून चालतात.

याचा परिणाम आज मराठवाड्यात दिसतो. तेथील भूमिहीन दलित कुटुंबे गायरानाचे तुकडे कसत आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. अपवाद म्हणून भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेनुसार दिलेल्या पट्ट्यांचा उल्लेख केला. पर्यावरणाचा अभ्यासक त्या जमिनीला चराईचे कुरण म्हणतो, महसूल खाते अतिक्रमण म्हणते, कसणारा शेत म्हणतो. ‘असूड’मध्ये गायरान परत करावयाचे ते गावाला; त्या गावात वेशीबाहेरच्या वस्तीचा वाटा किती, हे फुल्यांनी तेथे लिहिलेले नाही.