मुशाफिर आणि मिसाफिर : तुर्कस्तान आणि मराठी प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णनाचा विचार बहुधा मुंबई बंदरापासून सुरू होतो. तो दिल्लीच्या पहाडगंजापासून सुरू केला, तर काही वेगळे प्रश्न समोर येतात. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला लागूनच असलेली ही दाट वस्ती. मुघलकाळात येथे धान्याचा मोठा बाजार होता; आज येथील मेन बझारात स्वस्त लॉज, पैसे बदलून देणारी दुकाने आणि पाठीवर सॅक घेतलेले परदेशी तरुण दिसतात. या तरुणांच्या येण्याला इतिहास आहे. १९६० आणि १९७०च्या दशकांत युरोपातून खुष्कीच्या मार्गाने भारताकडे येणाऱ्यांची जी रीघ लागली, तिचे एक टोक इस्तंबूलमध्ये आणि दुसरे पहाडगंजात होते. इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागात १९५७ साली सुरू झालेल्या ‘लाले’ या उपाहारगृहाच्या फलकावर हे प्रवासी एकमेकांसाठी चिठ्ठ्या लावून ठेवत आणि तेथून अनातोलिया, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत दिल्लीला पोहोचत. १९७९ साली इराणातील क्रांतीने आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैन्याच्या प्रवेशाने ही वाट बंद पडली.

दिल्लीकर मराठी समाजाच्या नूतन मराठी विद्यालय आणि महाराष्ट्र रंगायन या संस्थाही याच पहाडगंजात आहेत. म्हणजे इस्तंबूलहून निघालेली वाट जेथे संपत होती, तेथून मराठी शाळा आणि मराठी रंगमंच फारसे दूर नव्हते. मराठी प्रवासवर्णनाची मुख्य परंपरा मात्र या वाटेने गेली नाही. ती समुद्रमार्गाने आणि नंतर विमानाने लंडन, पॅरिस, मॉस्को, न्यूयॉर्ककडे गेली. मधला प्रदेश तिने बहुधा ओलांडला. त्यात ती क्वचितच उतरली. त्यामुळे तुर्कस्तानात एकट्याने हिंडणाऱ्या मराठी प्रवाशाला पूर्वसूरींची वाट तयार मिळत नाही. या प्रवाशापुढील अडचण वाङ्मयीन आहे, आणि तिचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली अडचण सोबतीची. मराठी मनाला प्रवास ठाऊक आहे तो वारीच्या आणि तीर्थयात्रेच्या रूपात, म्हणजे समूहाचा प्रवास म्हणून. विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले ते आपल्या चुलत्यांबरोबर. ‘माझा प्रवास’ या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील ‘माझा’ हा शब्द म्हणूनच काहीसा फसवा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील (१९६०) विनोदही जोडीने केलेल्या प्रवासावर उभा आहे, प्रवाशाची फजिती पाहणारे जवळचे माणूस तेथे सतत हजर असते. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील प्रवासवृत्त (१८८९) हा या परंपरेतील मोठा अपवाद. पण रमाबाईंचे लक्ष स्वतःच्या एकटेपणाकडे नाही, तेथील समाजरचनेकडे आहे. एकट्याची खरी भटकंती गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’त भेटते. तेथेही नर्मदा सोबतीला आहे, आणि परिक्रमेचा आखीव मार्ग आहे. एकट्याचा, धर्मकार्याविना केलेला, परक्या भूमीतील प्रवास हा मराठीत तुलनेने नवा अनुभव आहे.

हा अनुभव मराठीत रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात मीना प्रभू यांना द्यावे लागेल. पुण्यात जन्मलेल्या, व्यवसायाने डॉक्टर असलेल्या आणि दीर्घकाळ लंडनमध्ये राहिलेल्या या लेखिकेचे २०२५ साली निधन झाले. जगाच्या अनेक भागांत त्या बहुतेक वेळा एकट्याने हिंडल्या आणि बहुधा एकेका देशाला एकेक ग्रंथ त्यांनी वाहिला. ‘मेक्सिकोपर्व’, ‘ग्रीकांजली’, ‘इजिप्तायन’, ‘रोमराज्य’, ‘गाथा इराणी’, ‘तुर्कनामा’ ही नावे ओळीने वाचली, तर त्यांच्या लेखनामागील एक सूत्र ध्यानात येते. परक्या देशाचे नाव प्रत्येक वेळी वाचकाच्या ओळखीच्या शब्दाशी जोडलेले आहे: महाभारताचे पर्व, पूजेची अंजली, रामायणातील अयन, संतांची गाथा, दरबारी बखरकारांचे नामा. दूरचा देश घरच्या ओसरीवर आणून बसवण्याची ही रीत आहे. तिने हजारो वाचकांना, विशेषतः कधीही एकटे बाहेर न पडलेल्या वाचकांना, धीर दिला. हे तिचे यश लहान नाही.

परंतु ‘तुर्कनामा’ हे नाव इतर नावांहून अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यातील ‘तुर्क’ हा शब्द मराठीला परका नाही. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त तुर्क म्हणजे मुसलमान. १९०८ सालच्या उस्मानी साम्राज्यातील क्रांतीमुळे ‘तरुण तुर्क’ हा शब्दप्रयोग राजकारणातल्या बंडखोरांसाठी आपल्याकडे आला. तोफ, चाकू, बेगम यांसारखे शब्द तुर्की भाषांतून फारसीच्या वाटेने मराठीत येऊन इतके मुरले की त्यांचे मूळ कोणी विचारीत नाही. अशा प्रवाशाला तेथे काही शिकण्याआधी आपल्या भाषेतील ‘तुर्क’ विसरावा लागतो. मेक्सिकोविषयी मराठी वाचकाचे मन कोरे असते. तुर्कस्तानाविषयी ते तसे नसते.

‘नामा’ हा प्रत्ययही विचार करण्याजोगा आहे. तो ‘बाबरनामा’ची आठवण देतो, आणि बाबराने आपले आत्मवृत्त चगताई तुर्कीतच लिहिले होते. पण मराठी व्यवहारात ‘नामा’ मुख्यतः दस्तऐवजात आढळतो: करारनामा, जाहीरनामा, पंचनामा. पंचनाम्याला पंच लागतात. एकट्या प्रवाशाजवळ पंच नसतात. जे पाहिले त्याला दुसरा साक्षीदार नसतो. समूहाने केलेल्या प्रवासात सोबत्याची थट्टा, मतभेद, आठवण यांनी वर्णनाला आपोआप पडताळा मिळतो. एकट्याच्या लेखनात तो पडताळा तपशिलाच्या अचूकपणातूनच येऊ शकतो. म्हणून या प्रकारच्या लेखनाचे मूल्यमापन करताना ‘मी’ किती रमला यापेक्षा त्या ‘मी’ने काय नेमके पाहिले, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

इस्तंबूल हे या दृष्टीने कसोटीचे शहर आहे. तेथील आया सोफिया ही वास्तू सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३२ ते ५३७ या काळात चर्च म्हणून बांधविली. १४५३ साली ती मशीद झाली. १९३४च्या निर्णयानुसार संग्रहालय होऊन १९३५ साली सर्वांना खुली झाली. आणि जुलै २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली. २०२०पूर्वी जे प्रवासी तिच्या घुमटाखाली उभे राहिले, त्यांचे वर्णन आता एका संपलेल्या अवस्थेची नोंद ठरते. त्यामुळे ते निरुपयोगी होत नाही. उलट त्याचे मोल वाढते. मात्र त्यासाठी प्रवाशाने आपली तारीख सांगितलेली असली पाहिजे. मराठी प्रवासवर्णनांत हे भान अनेकदा सुटते. ‘येथे अशी प्रथा आहे’ असा नित्य वर्तमानकाळ वापरून लेखक देशाला स्थिर करून टाकतो. गोडसे भटजींचा ग्रंथ आजही वाचला जातो, याचे एक कारण असे की त्यांनी पाहिलेले सर्व एका ठरावीक काळाला बांधलेले आहे.

याहून सूक्ष्म अडचण कॅपाडोशियाच्या खडकाळ प्रदेशात उभी राहते. गोरेमेच्या खोऱ्यात खडकात कोरलेली चर्चे पाहताच मराठी प्रवाशाला वेरूळ-अजिंठा आठवणार, हे स्वाभाविक आहे. अजिंठा-वेरूळ १९८३ साली आणि गोरेमे १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यामुळे तुलनेला अधिकृत आधारही मिळतो. सादृश्य हा मराठी प्रवासवर्णनाचा आवडता अलंकार आहे; गंगेसारखी थेम्स, लोणावळ्यासारखे स्वित्झर्लंड अशा उपमांनी कित्येक पाने भरली गेली आहेत. पण या ठिकाणी सादृश्य अर्ध्यावरच थांबते, आणि ते कोठे थांबते हे सांगणे हेच लेखकाचे काम आहे.

सह्याद्रीचा बेसाल्ट कठीण आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातील राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली वरून खाली कोरत नेले, तेव्हा त्या शिल्पींनी दगडाशी झुंज घेतली. कॅपाडोशियातील खडक म्हणजे एर्जियेस, हसन यांसारख्या ज्वालामुखींच्या राखेचा घट्ट झालेला थर. तो साध्या हत्याराने खोदता येतो आणि हवा लागल्यावर वरून टणक होतो. ज्या ठिकाणी माथ्यावर अधिक कठीण दगडाची टोपी राहिली, तेथे खालचा मऊ थर झिजून उंच सुळके उभे राहिले. तुर्की लोक त्यांना ‘पेरी बाजासी’, म्हणजे परीची धुराडी, म्हणतात. त्यातील ‘पेरी’ आणि मराठीतील ‘परी’ हा एकच फारसी शब्द आहे. दगड मऊ असल्यामुळे तेथे केवळ साधूच राहिले नाहीत. घरे, तबेले, धान्याची कोठारे, खतासाठी कबुतरखाने, जमिनीखाली सुमारे ८५ मीटर खोल गेलेले देरिनकुयू हे नगर, असा गृहस्थांचा संसार खडकात मांडला गेला. झेल्वे गावातील लोक दरडीच्या भीतीने १९५०च्या दशकात बाहेर आले. अजिंठा जंगलात विस्मरणात गेला होता. झेल्वेत मात्र हयात असलेल्या माणसांच्या आठवणीत चूल पेटत होती. हा फरक न सांगता ‘अगदी आपल्या वेरूळसारखे’ असे लिहिणे म्हणजे त्या माणसांना चित्रातून पुसून टाकणे होय.

ही माणसे पुसली गेल्याचा दुसरा, अधिक दुःखद प्रसंगही तेथे आहे. जानेवारी १९२३ मध्ये लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसच्या वाट्याला आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानच्या वाट्याला गेले. निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हता. कॅपाडोशियातील अनेक ख्रिस्ती तुर्की बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत, तेही गेले. सिनासोस या समृद्ध ग्रीक गावाचे नाव आज मुस्ताफापाशा आहे आणि त्याच्या कोरीव दगडी घरांतून प्रवासी उतरतात.

येथे पहाडगंजाची आठवण अटळ होते, आणि ही तुलना वेरूळच्या तुलनेपेक्षा अधिक खरी आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये पहाडगंजात भीषण हिंसाचार झाला. तेथील मुसलमान वस्ती मोठ्या प्रमाणावर उठली आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी तेथे नवा संसार मांडला. ज्या गल्ल्यांत पुढे लॉज निघाले, त्या गल्ल्यांचे आधीचे रहिवासी कोण होते, हा प्रश्न सॅक खांद्यावरून उतरवणारा प्रवासी सहसा विचारीत नाही. मुस्ताफापाशातील कोरीव चौकट पाहून थबकणाऱ्या भारतीय प्रवाशाला मात्र तो विचारावा लागतो. परदेशातील दृश्य पाहून आपल्याच शहरातील झाकलेली बाजू दिसू लागणे, हे प्रवासवर्णनातील सादृश्याचे श्रेष्ठ कार्य मानले पाहिजे. ओळखीच्या गोष्टीने परकी गोष्ट सोपी करणारी उपमा वाचकाला सुखावते. परक्या गोष्टीमुळे ओळखीची गोष्ट अवघड होते, तेव्हा साहित्य घडते.

असे दर्शन एकट्यालाच घडते का? तसा नियम नाही. पण एकटेपणाचा एक विशेष लाभ तुर्की भाषाच सुचविते. मराठीतील ‘मुशाफिर’ हा शब्द मूळ अरबी ‘मुसाफिर’वरून आला आणि त्याचा अर्थ प्रवासी असाच राहिला. तुर्कीत तोच शब्द ‘मिसाफिर’ झाला आणि त्याचा अर्थ पाहुणा असा झाला. अचानक दारी आलेल्याला ते ‘तान्री मिसाफिरी’, म्हणजे देवाचा पाहुणा, म्हणतात. ‘अतिथी देवो भव’ म्हणणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कोन्या ते अक्सराय या वाटेवर सेल्जुक सुलतान कैकुबाद याने १२२९ साली बांधविलेली सुलतानहानी ही भव्य धर्मशाळा या कल्पनेचे दगडातील रूप आहे. टोळीने जाणारे प्रवासी आपले घर बरोबर घेऊन जातात. त्यांना यजमानाची गरज पडत नाही. एकटा मनुष्य वाट चुकतो, शब्दासाठी अडतो, आणि म्हणून त्याला दुसऱ्याच्या चहाच्या पेल्याशी बसावे लागते. त्याचे पाहुणेपण त्याच्या असहायतेतून आलेले असते.

मराठी प्रवासवर्णनाने मुशाफिराची कला चांगली साधली आहे: चौकस नजर, विनोद, माहितीचा उत्साह. पाहुण्याची कला त्याला अद्याप पुरती साधावयाची आहे. पाहुणा घराची मोजमापे घेत नाही. घरात कोण नाही हेही तो ओळखतो, आणि आपण निघून जाणार आहोत याचे भान ठेवतो. मीना प्रभू यांनी मराठी वाचकाला, विशेषतः मराठी स्त्रीला, एकटीने दार उघडून बाहेर पडता येते हे दाखविले. त्यांच्यानंतर गोरेमेच्या सुळक्यांखाली उभ्या राहणाऱ्या मराठी लेखकापुढचे काम वेगळे आहे. त्याने वेरूळ आठवावे, पण तेथेच थांबू नये. दिल्लीत उतरल्यावर स्थानकाच्या पश्चिमेचा पूल ओलांडताना पहाडगंजालाही त्याने त्याच नजरेने पाहावे. तो ज्या लॉजमध्ये रात्र काढील, ती जागाही पूर्वी कोणाचे तरी घर असू शकते.