मालिकांचे गुणदान आणि आपला इन्साफ

मराठी मुस्लिम लेखकांनी कथा-कवितेवर पुष्कळ लिहिले आहे. परंतु ज्या कलाप्रकाराला आपल्या घरांत रोज संध्याकाळी सर्वांत जास्त वेळ मिळतो, त्या दूरचित्रवाणी मालिकेची समीक्षा आपण फारशी केलेली नाही. तिच्याविषयी आपण ‘मस्त’ किंवा ‘फालतू’ म्हणून मोकळे होतो. फार तर दहापैकी एखादा आकडा सांगतो. हा आकडा इन्साफाने देणे इतके अवघड का, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

पहिली अडचण लांबीची. कादंबरी हातात येते तेव्हा ती लिहून संपलेली असते. मालिका मात्र आपण पाहत असतानाच लिहिली जात असते. झी टीव्हीवर ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेली ‘कुबूल है’ पाहा. भोपाळच्या मुस्लिम घराण्याची ही कथा. बापाने दुसरे लग्न करून टाकून दिलेली आई आणि त्या रागावर वाढलेला मुलगा असद, हा तिचा आरंभीचा गाभा आमच्या मते खरा आणि धीट होता. २०१३ च्या अखेरीस असदची भूमिका करणारा नट बदलला. पुढे असद आणि झोया दोघेही मारले गेले, कथेने काही वर्षांची उडी घेतली आणि ती त्यांच्या मुलींची झाली. २०१६ मध्ये मालिका संपली तेव्हा आरंभीच्या त्या प्रश्नाचा मागमूसही उरला नव्हता. एकाच बैठक क्रमांकावर तीन निराळे परीक्षार्थी पेपर देऊन गेले, तर निकालपत्रकावर एकच आकडा कोणाच्या नावे लिहायचा?

दुसरी अडचण मोजणाऱ्यांची. टी.आर.पी. म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण तो आकडा तरी कोणाचा? पूर्वी मोजणीची यंत्रे प्रामुख्याने शहरांतील घरांत बसवलेली असत. बार्क या संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये ग्रामीण भागाचे आकडे प्रथम दिले, आणि जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्या विनाशुल्क वाहिन्या वरच्या रांगेत आल्या. त्या आठवड्यात एकही मालिका सुधारली नव्हती की बिघडली नव्हती. फक्त आतापर्यंत ज्यांची गणतीच नव्हती, ती खेड्यापाड्यांतील घरे मोजली गेली. आमच्या बीड जिल्ह्यासारख्या भागातील वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. वर्षानुवर्षे ‘प्रेक्षकांना हेच आवडते’ असे सांगितले गेले, तेव्हा त्या प्रेक्षकांत शिरूर कासार किंवा पाटोद्याचे खेडे धरलेलेच नव्हते.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक आहे, कारण ती आपल्या मनातील आहे. तुर्कस्तानच्या सरकारी वाहिनीवर २०१४ ते २०१९ या काळात चाललेली एर्तुग्रुलची मालिका २०२० च्या रमजानमध्ये पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने उर्दूत आणली आणि भारतातही ती घरोघरी मोबाइलवर पाहिली गेली. आपल्याकडील अनेकांनी तिला दहापैकी दहा दिले. तिची घोडदौड, तंबूंतील जीवन, स्त्रियांचा करारीपणा हे गुण आम्हांलाही मान्य आहेत. परंतु तिच्यातील परधर्मी शत्रू बहुतेक वेळा कपटी आणि एकरंगी आहेत, हेही तितकेच खरे. हिंदी पडद्यावर सुरमा घातलेला, कपटी मुसलमान दिसला की आपण रास्तपणे संतापतो. मग तीच फूटपट्टी येथे का लावू नये? मार्च २०२२ मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’ या चित्रपटाला एका जागतिक संकेतस्थळावर असे झुंडीने गुण पडले की, मतदानात काही वावगे आढळल्याचे त्या संकेतस्थळाला जाहीर करावे लागले. जमातीची हजेरी म्हणून दिलेले गुण, मग ते कोणत्याही जमातीचे असोत, गुण नव्हेतच. तअस्सुबाने इन्साफाची जागा घेतली की कला हरते.

याउलट १९८६ ची ‘नुक्कड’ पाहा. कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांच्या या मालिकेत चहाचे हॉटेल चालवणारा कादरभाई आहे. तो ना नवाब, ना खलनायक. उधारीवर चहा पिणाऱ्या गल्लीकरांवर चिडणारा आणि अडीनडीला त्यांच्याच बाजूने उभा राहणारा तो एक शेजारी आहे. आमच्या मते शेरवानी आणि झुंबरांच्या हवेल्यांपेक्षा या एका हॉटेलात आपले जगणे अधिक आहे.

आणि आपली भाषा? दख्खनी आणि मराठी एकाच वाक्यात मिसळून बोलणारी, मुलांना उर्दू शाळेत घालून बाजारहाट मराठीत करणारी बाई मराठी मालिकांत आम्हांला शोधूनही सापडत नाही. ही तक्रार मोठी आहे. मात्र ती एका मालिकेच्या गुणांतून वजा करणे अन्यायाचे होईल. एखादी कथा सासवडच्या एका कुटुंबाची असेल, तर तिने ते कुटुंब खरे उभे केले की नाही, एवढेच तिला विचारावे. संपूर्ण वर्गाच्या गैरहजेरीचा जाब एका विद्यार्थ्याला नव्हे, हजेरीपट ठेवणाऱ्याला विचारावा लागतो. येथे तो वाहिन्यांना आणि, वाचकहो, न लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनाही विचारला पाहिजे.

महाराष्ट्रातील शाळांत २०१० पासून आकारिक मूल्यमापन आले. अखेरच्या एका परीक्षेवर न विसंबता मूल वर्षभर कसे शिकते, याच्या नोंदी ठेवाव्यात, हे त्याचे तत्त्व. मालिकेलाही हीच रीत लावावी, असे आम्ही सुचवितो. पहिले पन्नास भाग, मधला काळ आणि शेवट यांच्या नोंदी वेगळ्या असाव्यात. कथेची बांधणी, भाषा आणि माणसांविषयीचा खरेपणा यांना गुण स्वतंत्रपणे द्यावेत. त्यांची बेरीज करूच नये. आणि आपला माणूस पडद्यावर दिसला म्हणून एक गुण वाढवण्यापूर्वी, तो माणूस आहे की केवळ टोपी, हे पाहावे.