‘सावकारी पाश’ : जमीन सुटलेल्या माणसाचा मूकपट

अमेरिकेच्या सरहद्दीवरील वसाहतकारांचे जीवन चितारणाऱ्या मूकपटांत जेम्स क्रूझ यांच्या ‘द कव्हर्ड वॅगन’ (१९२३) या चित्रपटाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. काळ १८४८ चा. कापडी छताच्या गाड्यांचा प्रचंड तांडा ओरेगॉनच्या सुपीक मातीकडे निघतो, भरल्या नद्या ओलांडतो. वाटेत कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता येते आणि तांडा दुभंगतो; काहीजण सोन्यामागे धावतात, काही मातीच्या ओढीने पुढे जातात.

या चित्रपटानंतर दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सावकारी पाश’ पडद्यावर आणला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरी आपटे यांची आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. येथेही एक प्रवास आहे, परंतु त्याची दिशा उलटी आहे. सावकाराच्या कचाट्यात सापडून शेतकरी जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. ‘सैरंध्री’सारख्या (१९२०) पौराणिक पटाने नावारूपास आलेल्या, रंगभूमीचे पडदे रंगविण्यात हयात घालविलेल्या या चित्रकाराने राजवाडे बाजूस सारून कर्जबाजारी कुणब्याचे घर दाखवावे, हे त्या काळी मोठेच धाडस होते.

आंजर्ल्यात बसून या कथानकाचा विचार करताना ते परके वाटत नाही. खाडी ओलांडून हर्णै बंदर गाठावे, पडावातून आगबोटीवर चढावे आणि मुंबईस उतरून परळ-लालबागची वाट धरावी, हा क्रम येथील कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी आघाडीवर होता. मागे उरलेली बायकामाणसे भाताची खाचरे लावीत आणि मनीऑर्डरीची वाट पाहत.

मात्र येथेच ‘सावकारी पाशा’विषयी एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. चित्रपटाला खलपुरुष लागतो. सावकार त्या कामी सोयीचा. प्रेक्षकाला त्याचा मनसोक्त द्वेष करता येतो. कोकणातल्या कुळाचा फास एकाच दोराचा नव्हता. खोताचा वाटा, वेठ, कातळावरची तुटपुंजी जमीन आणि भावाभावांतल्या वाटण्या हे सारे त्यात वळलेले होते. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली, तरी चाकरमान्यांची रीघ थांबली नाही. व्यक्तीचे पाप दाखविणे कॅमेऱ्याला साधते; व्यवस्थेचे पाप दाखविणे त्याला जड जाते. क्रूझही यातून सुटलेले नाहीत. त्यांच्या पटात मूळ रहिवासी गोऱ्यांचा नांगर पाहतात आणि आपल्या वनांचा व गव्यांचा काळ म्हणूनच त्याला ओळखतात. केवढा अर्थपूर्ण प्रसंग! पण पुढे तेच लोक केवळ हल्लेखोर म्हणून उरतात, आणि ओरेगॉनची जमीन मुळात कोणाची हा प्रश्न बाजूस पडतो.

तरीही पेंटरांचे पारडे मला जड वाटते. तांड्याचे भव्य दृश्य डोळे दिपविते, पण एकट्या माणसाचे गाव सोडणे टिपायला अधिक धीर लागतो. त्या धैर्याचे मोल तत्कालीन प्रेक्षकाने केले नाही. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या लोकांना हे वास्तव रुचले नाही, चित्रपट चालला नाही, आणि पेंटर पुन्हा देवादिकांच्या कथांकडे वळले.

पण विषय त्यांच्या मनातून गेला नसावा. १९३६ मध्ये त्यांनी हीच कथा बोलपटात पुन्हा मांडली. त्यातील अंधूक उजेडातली उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांना अनेक वर्षांनंतरही आठवत होते. मूळ मूकपट मात्र आज पाहावयास मिळत नाही.