भूमी-वापरातील कार्बनचा ताळेबंद : इंडोनेशिया व जपान यांच्या तुलनेची चिकित्सा

भूमी-वापर व वनक्षेत्र यांतून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाची देशनिहाय तुलना करताना सहसा दोन स्तंभ मांडले जातात : एक उत्सर्जनाचा, दुसरा शोषणाचा. इंडोनेशिया व जपान या द्वीपराष्ट्रांचा असा तक्ता केला की निष्कर्ष आपोआप हाती येतो. इंडोनेशिया वने गमावणारा, जपान वने राखणारा. प्रस्तुत लेखात या निष्कर्षाची चिकित्सा करावयाची आहे. आकडे खोटे आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. त्यांवरून केला जाणारा न्याय अपुरा आहे, एवढेच प्रतिपादन आहे.

या दृष्टीने १९९७ हे वर्ष बोलके आहे. त्या वर्षी डिसेंबरमध्ये जपानमधील क्योटो येथे हवामानविषयक करार संमत झाला. त्याच वर्षी एल निनोच्या अवर्षणात इंडोनेशियातील कालिमंतान व सुमात्रा येथील पीटभूमी जळत होती. पीट म्हणजे पाणथळ जागी हजारो वर्षे साचलेला, पुरता न कुजलेला वनस्पतिजन्य थर. पाण्याचा निचरा झाला की तो कुजू लागतो आणि वाळला की पेट घेतो. मध्य कालिमंतानमधील सुमारे १० लाख हेक्टर क्षेत्र भातशेतीखाली आणण्यासाठी १९९० च्या दशकाच्या मध्यास शासनाने कालवे खोदले. योजना फसली, भूमी मात्र कोरडी पडली. सुझन पेज व सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, १९९७ च्या आगींतून ८१ कोटी ते २५७ कोटी टन कार्बन बाहेर पडला. जीवाश्म इंधनांपासून होणाऱ्या जागतिक वार्षिक उत्सर्जनाच्या तुलनेत हे प्रमाण १३ ते ४० टक्के होते. अंदाजाची वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक आहे, हे तुलनाकाराने विसरता कामा नये. शिवाय अशा एकाच वर्षाची निवड केल्यास तुलनेचा तोल आरंभीच ढळतो.

जपानची बाजू वेगळी आहे. तेथील सुमारे दोन-तृतीयांश भूभाग वनाच्छादित असून वनांपैकी सुमारे ४० टक्के लागवडीची आहेत. महायुद्धानंतर लावलेले सुगी व हिनोकी वृक्ष पुढे कार्बन शोषू लागले. क्योटो कराराखालील ६ टक्के कपातीपैकी ३.८ टक्के वनांच्या शोषणातून साधण्याचे जपानने योजले होते. परंतु ही वने उभी राहिली, ती केवळ संवर्धनामुळे नव्हे. १९६० च्या दशकात लाकडाची आयात खुली झाली, परदेशी लाकूड स्वस्त पडले आणि २००० च्या सुमारास लाकडाबाबतची स्वयंपूर्णता २० टक्क्यांच्याही खाली आली. आयातीत कालिमंतानचे ओंडके होते; १९८५ मध्ये इंडोनेशियाने ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर प्लायवुड येऊ लागले.

येथेच हिशेबपद्धतीतील मर्म आहे. वृक्ष तोडल्याने घटलेला कार्बनसाठा तोड झालेल्या देशाच्या खाती पडतो, वापरणाऱ्याच्या नव्हे. आजही इंडोनेशियातून आलेली पामबियांची कवचे जपानी वीजकेंद्रांत जळतात. परंतु ऊर्जाक्षेत्राच्या हिशेबात त्या ज्वलनाचा कार्बन शून्य धरला जातो. नोंदीची सोय म्हणून ही पद्धत योग्य आहे. मात्र तिलाच नैतिक निवाडा मानणे योग्य नाही.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो : पीटभूमीतील कालवे जपानने खोदले नव्हते. ते मान्य केले पाहिजे. तो निर्णय इंडोनेशियन शासनाचा होता आणि व्यापाराचे कारण पुढे करून ते दायित्व पुसता येत नाही. म्हणून तुलनेत तीन गोष्टी स्वतंत्रपणे मांडाव्यात : देशांतर्गत धोरणातून झालेले उत्सर्जन, निर्यातीसाठी झालेले उत्सर्जन आणि आयातीमुळे टळलेली देशांतर्गत तोड. यांपैकी तिसरी बाब कोणत्याही रूढ तक्त्यात दिसत नाही.

हा प्रश्न आपल्यालाही दूरचा नाही. भारत हा पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार असून त्याचा मोठा हिस्सा इंडोनेशियातून येतो. आपल्या वनांच्या शोषणाचे आकडे वर्गात शिकवताना, आपल्या कढईतील तेलाचा कार्बन कोणाच्या खाती लिहिला जातो, हेही विद्यार्थ्यांना विचारावयास हवे.