सलाफहादच्या मुली पुन्हा बोलत नाहीत

ज्यूंच्या तोराह या धर्मग्रंथातलं 'गणना' हे पुस्तक. 27व्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहतात. भाऊ नाही म्हणून बापाचं नाव का पुसायचं? आम्हाला जमीन द्या. देव म्हणतो, त्यांचं बरोबर आहे. मुलगा नसेल तर वारसा मुलीचा. पहिल्यांदा वाचताना मी इथेच खूश होऊन थांबलो होतो.

36व्या अध्यायात दुरुस्ती येते. या मुली बाहेर लग्न करतील आणि जमीन दुसऱ्या वंशात जाईल, अशी त्यांच्याच वंशातल्या पुरुषांची तक्रार. प्रत्येक वंशाने आपला वाटा राखणं ही देवाची आज्ञा. म्हणून निकाल: लग्न कुणाशीही करा, पण बापाच्याच वंशात. कोड लिहिणाऱ्या मला हे ओळखीचं वाटतं: फीचर तसंच ठेवून मागाहून घातलेली अट.

खटकतं ते पुढे. आधी ठणकावून बोललेल्या मुली इथे एक शब्दही बोलत नाहीत. चुलतभावांशी लग्नं करतात आणि पुस्तक संपतं.

नंतर तालमूदमधल्या पंडितांनी ही अट त्या एका पिढीपुरतीच मानली. पुढच्या मुली सुटल्या. या पाचजणींचं म्हणणं मात्र कुणीच विचारलं नाही.