अठ्ठाविसावे वचन आणि तेरावे वचन

धडगावच्या आठवडी बाजारात आजही वयस्कर भिल्ल आणि पावरा बाया भेटतात. त्यांच्या कपाळावर, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीवर आणि मनगटावर हिरवट निळे ठिपके असतात. मेल्यावर अंगावरची चांदी काढून घेतात, लुगडे जळून जाते, सोबत येते ते गोंदण, ही समजूत सातपुड्यात आहे आणि खाली सपाटीवरही आहे. माझी आजीही हेच म्हणायची.

काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर घरगुती प्रार्थनेला बसण्याचा योग आला. उपदेश करणारा तरुण आदिवासीच होता, दहावीच्या पुढे शिकलेला. त्याने जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढला, त्यातले अठ्ठाविसावे वचन वाचले आणि सांगितले की, अंगावर गोंदून घेणे देवाला अमान्य आहे. ज्यांनी गोंदले त्यांनी पश्चात्ताप करावा, म्हणजे तारण मिळेल. पुढे बसलेल्या एका म्हातारीने हनुवटीवर पदर ओढून घेतला आणि प्रार्थना संपेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. हा लेख त्या पदरासाठी लिहिला आहे.

प्रथम वचनाविषयी. मेलेल्यासाठी अंगावर जखमा करू नका आणि अंगावर खुणा गोंदू नका, असा त्याचा आशय आहे. संदर्भ शोकविधीचा आहे, शेजारच्या टोळ्यांच्या चालीरीतींपासून इस्राएलाने वेगळे राहावे हा हेतू आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. ते बाजूला ठेवू. याच अध्यायात दोन जातींच्या धाग्यांचे कापड घालू नये असेही आहे, दाढीच्या कडा कापू नयेत असेही आहे. टेरिकॉटचा शर्ट घालून, गुळगुळीत दाढी करून अठ्ठाविसावे वचन वाचणाऱ्याला कोणी अडवत नाही. म्हणजे निवड होते. प्रश्न निवडीचा आहे आणि निवड कोणाच्या सोयीची, हा आहे.

कारण त्याच अध्यायात तेरावे वचन आहे. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका, असे ते सांगते. नवव्या आणि दहाव्या वचनात शेताच्या कडा आणि पडलेली कणसे गरिबांसाठी सोडायला सांगितले आहे. चौतिसाव्यात परक्याला गावच्या माणसासारखे वागवा असे आहे. अक्राणीच्या डोंगरातून दर वर्षी कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे मजुरी आधी आणि काम नंतर. तेराव्या वचनाच्या काळात मालक मजुराचा देणेकरी असे. उचलीने ते उलटे केले, येथे मजूर हाच कायमचा देणेकरी. मग एकोणिसाव्या अध्यायाचा धडगावातला खरा पाठ कोणता? म्हातारीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके, की मुकादमाच्या वहीतला अंगठा?

आता शब्दांकडे वळू. नव्या करारात ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ मन फिरणे, माणसाने दिशा बदलणे असा आहे. मराठीत तो 'पश्चात्ताप' झाला, म्हणजे नंतर होणारी जळजळ. दिशा गेली आणि ताप उरला. ज्याच्या वाट्याला आधीच ताप आहे त्याला आणखी ताप करून घ्यायला सांगणे सोपे असते. दुसरा शब्द 'तारण'. मराठी ख्रिस्ती माणूस तो बुडत्याला वर काढण्याच्या अर्थाने म्हणतो. पण सावकाराच्या ओट्यावर आणि सोसायटीच्या कचेरीत तारण म्हणजे गहाण. जमीन तारण, चांदीच्या वाक्या तारण. ज्याचे सगळे तारण पडलेले आहे त्याने 'तुझे तारण होईल' हे वाक्य कसे ऐकावे? पंडिता रमाबाईंनी साध्या मराठीत बायबलचे स्वतंत्र भाषांतर करण्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली, ती शब्दांचे हे ओझे ओळखूनच. त्यांनी आपल्या संस्थेला 'मुक्ती' हे नाव दिले. डोंगरातल्या उपदेशकाच्या हातात मात्र जी भाषा पडते ती दोनदा उसनी असते. आधी ग्रीक-हिब्रूतून मराठीत आलेली, मग मराठीतून पावरी-भिलीत उतरलेली.

बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर जे लिहिले ते त्यांच्या हयातीनंतर, 1989 साली, इंग्रजी समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यातला आक्षेप येथे नेमका लागू पडतो. आपली दुर्दशा आपल्याच पापामुळे झाली असे अस्पृश्याला शिकवले की त्याचे डोळे समाजव्यवस्थेकडून स्वतःकडे वळतात. मग व्यवस्था बदलण्याची निकड उरत नाही. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा होता. गोंदणाच्या पापाने तेच होते. पाप कातडीवर आणले की ते शोधायला मुकादमाच्या घरापर्यंत जावे लागत नाही.

आणि ख्रिस्ती परंपरा याबाबतीत एकमुखी आहे काय? मुळीच नाही. सम्राट कॉन्स्टंटाईनने चौथ्या शतकात गुन्हेगारांच्या चेहऱ्यावर डाग देण्यास मनाई केली, कारण चेहऱ्यात देवाचे साम्य आहे असे मानले गेले. ती मनाई सत्तेने लादलेल्या डागाला होती. 787 साली इंग्लंडमधल्या धर्मसभेने मूर्तिपूजकांच्या पद्धतीच्या गोंदणाचा निषेध केला. पण इजिप्तचे कॉप्ट ख्रिस्ती शतकानुशतके मनगटावर क्रूस गोंदवीत आले आहेत, आणि जेरुसलेमची यात्रा केलेले ख्रिस्ती तिथे गोंदवून घेऊन घरी परतत. यशयाच्या पुस्तकात तर देवच म्हणतो की, तुला मी माझ्या तळहातांवर कोरले आहे. ज्या देवाच्या तळहातावर नाव आहे त्याला म्हातारीच्या हनुवटीची अडचण व्हावी, हे पटत नाही. (आपल्या सैन्यभरतीच्या नियमांतही जमातीच्या चालीप्रमाणे असलेल्या गोंदणाला सवलत आहे. लष्कराला जे चालते!)

गोंदणाचे गोडवे मला गायचे नाहीत. ते लहान पोरीला न विचारता, तिला धरून बसवून केले जाते. तिच्या रडण्याला लाड समजतात. राज्यकर्त्यांनीही गोंदणाचा उपयोग केला. बंगालमध्ये इंग्रजांच्या अमलात कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदला जाई. ती शिक्षा 1849 साली थांबली. अंगावरची खूण माणसाने स्वतः घेतली की दुसऱ्याने दिली, हा भेद मोठा आहे. आजची पोरगी ते नाकारत असेल तर तो तिचा हक्क आहे. पण स्वतःहून नाकारणे वेगळे आणि जिचे आयुष्य त्या ठिपक्यांसह सरले तिला शरमेने पदर ओढायला लावणे वेगळे.

हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. 1956 नंतर आपल्या घरांतले देव नदीत सोडले गेले. आजीच्या हातावरची तुळस आणि कृष्णाचा पाळणा सोडता येत नव्हता. ती त्याच हाताने पंचशील म्हणताना हात जोडायची, आणि त्या हातामुळे तिचे बुद्धाला शरण जाणे कोणी खोटे ठरवले नाही. आज तिची नातवंडे दंडावर बाबासाहेबांची सही गोंदवून घेतात.

धडगावात याला आणखी एक धार आहे. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून वगळावे, अशी मागणी होत असते. धर्मांतर केल्याने जमात आपोआप सुटत नाही. तो माणूस जमातीच्या चालीरीती पाळतो का, हे पुराव्यावर पाहावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली केरळच्या एका खटल्यात म्हटले. अशा वेळी प्रार्थनासभेत गोंदणाला पाप ठरवणारा उपदेशक आपल्याच माणसांविरुद्ध पुरावा तयार करत असतो, हे त्याच्या ध्यानात येते का? आणि गोंदणाला 'आपली प्राचीन संस्कृती' म्हणत मिरवणाऱ्यांना त्या म्हातारीची उचल कधी आठवते? दोघांनाही तिच्या कातडीत रस आहे.

नवापूर तालुक्यातले चिंचपाड्याचे मिशन हॉस्पिटल या भागाने पाहिले आहे. तिथे आलेल्या बाळंतिणीची नाडी गोंदलेल्या मनगटावरच पाहिली गेली. शुभवर्तमानाची तीही एक भाषा होती.

प्रार्थनेनंतर चहा आला. मी त्या तरुणाला तेरावे वचन दाखवले. त्याने ते बोट ठेवून वाचले, मग नववे, दहावे, चौतिसावे वाचले. त्याचा थोरला भाऊ त्या वर्षी ऊसतोडीला गेला होता आणि हिशेब लागायचा बाकी होता. प्रशिक्षणात या अध्यायातून एवढे एकच वचन शिकवले होते, असे तो म्हणाला. म्हातारी ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होती आणि तिचा पदर खांद्यावर होता.